काय सोडणार?

“आ करा,” राजश्रीवहिनी म्हणाल्या.

मनुबाईने तोंड उघडलं. वहिनींनी आपल्या नाकाला पदर लावला आणि पदराआडूनच वास घेतला. शांतिसदनाचं फाटक आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या वहिनींनाच ही कला जमायची.

“जीभ वर करा. आता फुंका.”

म्हातारीने फुंकलं. निपाणीतल्या शांतिसदनाच्या फाटकात, रस्त्याने माणसं जात-येत असताना, सत्तरी ओलांडलेली बाई काळेकुट्ट दात दाखवत उभी होती. तिच्यामागे बोचकी घेऊन तिचा लेक भरमा, सून सुगंधा आणि बारा वर्षांची नात तेजस्वी असे ओळीने उभे होते. वहिनींनी म्हातारीच्या कमरेला हात घातला आणि लुगड्याच्या केळ्यात खोचलेली तंबाखूची चंची बाहेर काढली.

“हे काय?”

“चंची हाय की.”

“तंबाखू हितं चालत न्हाय. बोर्ड वाचला न्हाई का?”

बोर्ड मनुबाईला वाचता येत नव्हता. वहिनींनी चंची फाटकाशेजारी पेटलेल्या पाचोळ्यावर टाकली. आत चुन्याची पितळी डबी होती. तेवढी तरी काढून द्या असं म्हातारीच्या ओठावर आलं, ते सुगंधाने बघितलं, आणि म्हातारीने काही बोलायच्या आत तिचा दंड धरून तिला आत ओढलं. कारण आत खोली होती. खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. सुगंधाला जगात दुसरं काही नको होतं.

दूधगंगेच्या पुरात त्यांच्या घराच्या भिंती बसल्या. घर बसलं ते बसलं, पण जागा निघाली चुलतभावाच्या नावावर, आणि पाणी ओसरल्यावर त्याने पहिलं काम काय केलं तर तिथे तारेचं कुंपण घातलं. भरमा भांडला नाही. भरमा कुणाशीच भांडत नसे. काही दिवस शाळेत काढले, मग शाळा सुरू झाली. मग कोगनोळीच्या नाक्याजवळ हायवेच्या पुलाखाली साड्यांचे आडोसे करून राहिले. वरून ट्रक गेले की भाकरीवर माती पडायची, ते चालण्यासारखं होतं. पण एकदा कुणीतरी साडीचा आडोसा वर केला आणि झोपलेल्या तेजस्वीच्या तोंडावर मोबाईलची बॅटरी धरून उभा राहिला. सुगंधा उठली तेव्हा तो शांतपणे, सावकाश निघून गेला. पळालासुद्धा नाही. त्या दिवसापासून सुगंधा उशाला विळा घेऊन बसत होती आणि बसल्या बसल्या डुलक्या काढत होती. तिचे डोळे खोल गेले होते.

म्हणून शांतिसदनाची खोली मिळाल्यावर तिने पहिल्यांदा कडी लावून बघितली. मग काढून बघितली. परत लावली.

“दार काय खेळायला हाय व्हय?” म्हातारी म्हणाली.

मनुबाई खोलीच्या मधोमध उभी राहून छताकडे बघत होती. जुन्या सागवानी तुळया, त्यांना पांढरा रंग फासलेला. तिने नाक वर करून एक मोठा श्वास घेतला.

“अगं सुगंधे, ही तर वखार हाय.”

“कुठली वखार?”

“अण्णांच्या वडलांची. तंबाखूची. ही अशी उभी चाळण, ह्या कोपऱ्यात. लगीन हून आलतो तवापासनं हितं जरदा चाळलाय मी. ह्या भिंतीला पाठ लावून जेवायचो आम्ही बायका.” ती हसली. “हितंच तर लागली मला.”

खरंच होतं ते. शांतिसदन चालवणाऱ्या भुजबली अण्णांच्या वडिलांची ती वखार. वडील गेल्यावर अण्णांनी जैन मुनी महाराजांपुढे नियम घेतला, तंबाखूचा धंदा कायमचा सोडला आणि वखारीत भिंती घालून, खोल्या करून बेघर कुटुंबांसाठी आसरा केला. पांढरेशुभ्र कपडे, हलका आवाज, कुणाला अरे-तुरे नाही. माणूस खोटा नव्हता. खोटा असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

रविवारी दिवस कलायच्या आधी सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवायचे. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. अण्णा दोन शब्द बोलायचे आणि मग एकेकाने उठून नियम घ्यायचा, म्हणजे आपण काय सोडणार ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी चहा सोडायचा, कुणी शिव्या द्यायचं सोडायचा. मग बाकीच्यांनी हात जोडून ‘अनुमोदना’ म्हणायचं, म्हणजे तुमच्या चांगल्या कामाला आमचीही साथ आहे. हा शब्द अर्ध्या लोकांच्या जिभेवर बसत नसे. पण म्हटल्यावर जेवण असायचं, त्यामुळे जोरात म्हणायचे.

पहिल्याच रविवारी अण्णांनी सुगंधाकडे बघून मायेनं विचारलं, “मग, तुम्ही काय सोडणार?”

ती उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, “अण्णा, आताच तर आलोय. लगेच कुठं सोडू? चार दिस तरी ऱ्हाऊ द्या. पोरगी मोठी हाय.”

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि खोलीत हशा उसळला. पुलाखाली, बसस्टॅण्डवर, देवळाच्या ओवरीत राहून आलेली माणसं, पण काय हसली. राजश्रीवहिनींनी पदर तोंडाला लावला. तेजस्वी मान खाली घालून फरशी खरवडत बसली.

“खोली न्हाई हो, बाई,” अण्णा म्हणाले. “सवय. वाईट सवय सोडायची.”

सुगंधाला कुठली सवय सुचेना. सोडायला मुळात काहीतरी हातात असावं लागतं. शेवटी मागून मनुबाईच उठली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “मी तंबाखू खायची सोडली.”

“अनुमोदना,” सगळे म्हणाले. अण्णांच्या डोळ्यात पाणी आलं.

इतकं सोपं असेल असं सुगंधाला वाटलं नव्हतं, आणि ते नव्हतंच.

दिवस असे जायचे. पहाटे उठून सुगंधा भुईमुगाच्या काढणीला जायची. दिवसभर ओणवं राहून वेल उपटायचे, शेंगा तोडायच्या. संध्याकाळी कंबर सरळ होत नसे. भरमा बाजारात पोती उचलायला. शांतिसदनात सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, हा नियम. आणि बाजारातली गाडी भरून व्हायची दिवस मावळल्यावर. भरमा फाटकात यायचा तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली असायची.

“वहिनी, थोडा भात तरी,” सुगंधाने एकदा विचारलं.

“एकासाठी नियम मोडला तर उद्या सगळेच अंधारात जेवतील,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना लवकर यायला सांगा.”

दिवसभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस बाहेरूनच भडंगाची पुडी खाऊन यायचा आणि आल्यावर वहिनींपुढे आ करायचा. कांदाही तिथे चालत नसे, आणि भडंगात कांदा असला तर तोही वासाला लागायचा. मग तो बाहेर चूळ भरत उभा राहायचा, परत आ करायचा, परत चूळ भरायचा. एकदा तेजस्वी खिडकीतून हे बघत होती. सुगंधाने तिला मागे ओढलं आणि कारण नसताना एक फटका दिला.

आणि म्हातारी दिवसेंदिवस आंबत चालली होती. तिने तंबाखू सोडली खरी, पण तंबाखू तिला सोडायला तयार नव्हती. हात थरथरायचे, बारीकसारीक गोष्टीवरून ती करवादायची. त्यात दूधगंगेला दुसऱ्यांदा पाणी चढलं आणि हवेत अशी ओल भरली की वखारीच्या भिंती पाझरायला लागल्या. पांढऱ्या रंगातून तपकिरी ओघळ उतरले. खोलीभर जुन्या तंबाखूचा उग्र, गोडसर वास सुटला. सुगंधाचं डोकं भणभणायचं. म्हातारी मात्र रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून निजायची.

एक दिवस सुगंधा कामावरून आली तर मनुबाई केसातल्या आकड्याने फरशीची सांध उकरत होती. उकरून निघालेली काळी धूळ ती पदराच्या टोकाला बांधत होती.

“काय करताय, आत्ती?”

“काय न्हाय. कचरा साठलाय, काढतो.”

सुगंधाने काय ते ओळखलं, सांधीत जुनी तंबाखू साठलेली होती. पण तिला वाटलं, धूळच तर आहे. आणि ती गप्प बसली. गप्पच बसली असती तर बरं झालं असतं.

दर शनिवारी त्रिशला मॅडम यायच्या. बेळगावहून, स्वतःची गाडी चालवत. समुपदेशन म्हणायचे त्याला. कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत एकेकाला बोलवायच्या, पंखा लावायच्या आणि मनातलं काढून घ्यायच्या. मॅडम वयाने लहान होत्या, गोड होत्या, आणि समोरचा बोलत असताना मान हलवत राहायच्या. सुगंधाच्या पुढ्यात आयुष्यात कुणी इतका वेळ मान हलवली नव्हती.

“राग येतो तेव्हा शरीरात कुठे जाणवतो?” मॅडमनी विचारलं.

सुगंधाने विचार केला. “कमरंत.”

“कंबरेत?”

“व्हय. शेंगा काढून काढून.”

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “हे बघा, इथलं बोलणं इथेच राहतं. मन हलकं करा. घरात कुणाचा त्रास होतो का?”

पंख्याचा वारा होता. बाहेर पाऊस होता. दुखतंय कुठं असं विचारणारं कुणीतरी समोर होतं. सुगंधाला एकदम भडभडून आलं आणि ती बोलून गेली. सासूचं करवादणं बोलली, लग्न होऊन आल्यापासूनची भांडणं बोलली, आणि फरशीच्या सांधा उकरून म्हातारी धूळ गोळा करते हेही बोलली. मॅडमनी तिचा हात हातात घेतला. खोलीतून बाहेर पडताना सुगंधाला खरोखर हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णांच्या आग्रहावरून मॅडम मुद्दाम थांबल्या होत्या. व्यसनाबद्दल बोलताना त्या म्हणाल्या, “मी नाव घेणार नाही. पण इथेच आपल्यात एक आजी आहेत. त्या फरशा उकरतात, भिंती खरवडतात. का? विचार करा, व्यसन माणसाला कुठल्या थराला नेतं.”

नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्या माना मनुबाईकडे वळल्या. बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. पुरुषांच्या बाजूला भरमा गुडघ्यात डोकं घालून बसला. मनुबाईने इकडे तिकडे बघितलं नाही. तिने फक्त सुनेकडे बघितलं.

खोलीत आल्यावर सुगंधा म्हणाली, “मी तक्रार न्हाय केली, आत्ती. त्या बाईनं इचारलं म्हणून.”

“बरं केलंस,” म्हातारी म्हणाली. “हलकं झालं न्हवं तुझं मन?”

त्यानंतर ती सुगंधाशी बोलली नाही. सुगंधाला वाटलं, आता तरी लाजेने सोडेल. माणूस लाजला की सुधारतो असं मॅडम म्हणाल्या नव्हत्या, पण त्यांचा समज तोच होता, आणि अण्णांचाही. आणि खरं सांगायचं तर सुगंधाचाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी वहिनी देवळात गेल्या होत्या. स्वयंपाकघर रिकामं होतं. मनुबाई आत गेली, चपात्यांचा मोठा तवा तिने गॅसवर ठेवला, आणि पदराच्या गाठीतली सगळी धूळ त्याच्यावर ओतली. मशेरी भाजायला घेतली तिने. आयुष्यभर सकाळी उठून दाताला मशेरी लावलेली बाई. भाजल्याशिवाय मशेरी होत नाही एवढंच तिला माहीत होतं.

धूर झाला. आधी शेजारच्या खोलीतलं तान्हं पोर शिंकायला लागलं, मग त्याची आई, मग अख्खी वखार. डोळे चुरचुरायला लागले, घशात ठसका बसला. माणसं खोकत, शिंकत अंगणात पळाली. नेमक्या त्याच वेळी देवाचं गंध लावलेल्या राजश्रीवहिनी फाटकातून आत आल्या. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी बघितलं ते असं: शुद्ध आहाराचा तवा, त्यावर तंबाखू, आणि पुढे बसून पळीने परतणारी मनुबाई. तिच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि तोंडावर कितीतरी दिवसांनी सुख होतं.

संध्याकाळी अंगणात तो तवा मधोमध ठेवला होता. तो आता वापरता येणार नव्हता. अण्णा खुर्चीवर बसले होते. मनुबाईला समोर उभं केलं होतं आणि तिच्या बाजूला सुगंधा-भरमाला.

“आजी, तुम्ही नियम घेतलता का न्हाय?” अण्णांनी विचारलं.

“घेतलता.”

“मग?”

“खायची न्हाय म्हणून घेतलता. मी खाल्ली न्हाय.”

“हे काय मग?”

“ही मशेरी. दाताला लावतो मी. तंबाखू खात्यात, मशेरी लावत्यात.”

मागे कुणीतरी खुसखुसलं. पण म्हातारी चेष्टा करत नव्हती. तिच्या हिशेबी खाणं वेगळं आणि लावणं वेगळं. देवापुढे ती खोटं बोलली नव्हती.

“मशेरी म्हंजे तंबाखूच, आजी,” अण्णा शांतपणे म्हणाले. “आणि हितल्या कुठल्या पोरानं आणून दिली तुम्हाला? बाहेरनं कोण आणतंय?”

“बाहेरनं कशाला आणू? तुमचीच हाय, अण्णा. तुमच्या वडलांच्या येळची. फरशीच्या सांधीत, तुळईवर, भिंतीत, लई हाय आजून. तुम्ही चुना लावला म्हणून गेली व्हय ती?”

अण्णांचा गोरा चेहरा लाल झाला, मग उतरला. एवढी वर्षं तप केल्यासारखा जो माणूस पांढऱ्या कपड्यात वावरत होता त्याला सगळ्यांदेखत कुणीतरी त्याचं घर हुंगायला लावलं होतं. तवा एक वेळ माफ झाला असता. हे होणार नव्हतं, हे सुगंधाने तिथल्या तिथे ओळखलं. तिला म्हातारीच्या तोंडावर हात दाबावासा वाटला, पण उशीर झाला होता.

“आम्ही कुणाला हाकलत न्हाय,” अण्णा उठत म्हणाले. आवाज तसाच हलका. “पण नियम हाय. येत्या रविवारी सगळ्यांसमोर विचारीन. तिनं सोडलेली असावी. न्हायतर तुम्ही खोली सोडा.”

सुगंधाने मॅडमना फोन लावला तर त्या खूप हळहळल्या. “त्यांची एक मुलगी आहे ना गुंजीला? काही दिवस तिकडे पाठवता येईल का बघा. सगळ्यांसाठीच बरं.”

सगळ्यांसाठीच बरं. सुगंधा ते शब्द घोळवत राहिली.

त्या आठवड्यात म्हातारीने मनापासून प्रयत्न केला, हेही सांगायला हवं. तिने आकडा सुगंधाच्या हाती दिला. तोंडात धण्याची डाळ धरून बसली. दोन दिवस अन्न गेलं नाही, घाम फुटायचा, हात बडवून घ्यायची. तेजस्वी पाणी द्यायला गेली तर तिने तांब्या भिरकावला, तो पोरीच्या कपाळाला लागला. मग पोरीला जवळ घेऊन रडत बसली. शुक्रवारी सुगंधा कामावरून आली तेव्हा दार लोटलेलं होतं. आत मनुबाई भिंतीला दोन्ही तळवे टेकून उभी होती आणि ओलीवरचा तपकिरी ओघळ जिभेने चाटत होती. दप्तर पाठीला असलेली तेजस्वी दाराशी उभी राहून ते बघत होती.

सुगंधाने पोरीला बाहेर काढलं. तिच्या मनात कीव यायला लागली, पण ती पुरती यायच्या आधीच पूल आला. पुलाखालचा अंधार, वर केलेली साडी, पोरीच्या तोंडावरचा उजेड.

रात्री तिने भरमाला विचारलं, “काय करायचं?”

भरमा भिंतीकडे वळला. “तुला काय करायचं त्ये कर.”

“तुमची आई हाय.”

“मग मी काय करू? तूच बघ.”

एवढं बोलून तो झोपला, किंवा झोपल्यासारखा पडून राहिला. असं नामानिराळं व्हायला त्याला छान जमायचं.

सकाळी सुगंधाने गुंजीला नणंदेला फोन केला. नागुबाई आधी रडली, मग म्हणाली, “वैनी, हात जोडतो, हितं आणू नको तिला. मागल्या खेपेला आलती तर ह्यांनी मला अंगणात झोपवलं. ह्या टायमाला आणलीस तर मला कायमचं दारात उभं करतील. मी दार उघडणार न्हाय, सांगून ठेवतो.”

“बरं,” सुगंधा म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती खोलीत गेली आणि म्हणाली, “आत्ती, लुगडं बदला. नागूआक्काकडं जायाचं.”

कितीतरी दिवसांनी म्हातारीचा चेहरा फुलला. “तिनं बोलीवलं?”

“बोलीवलं.”

बेळगावपर्यंत एस.टी., तिथून आगगाडी. मनुबाई खिडकीशी बसली होती. हिंडलग्याकडे जाणारा फाटा गेला तसं तिने तिथल्या तुरुंगात असलेल्या एका चुलत दिराची गोष्ट सांगितली. भांडण विसरून सुनेशी ती बोलत होती. खानापूर मागे पडल्यावर झाडी दाट झाली, तांबडी माती, बारीक पाऊस. गुंजीचं स्टेशन आलं. उतरताना म्हातारीचा पाय लटपटला तर सुगंधाने तिला दोन्ही हातांनी धरून खाली घेतलं, जपून, अगदी जपून.

फलाटावरच्या बाकड्यावर तिला बसवून सुगंधा बाहेर टपरीवर गेली. तिने तंबाखूची पुडी घेतली, चुन्याची डबी घेतली, आणि एक तयार मशेरीची डबी घेतली. पारले बिस्किटाचा पुडा घेतला. ते सगळं आणून म्हातारीच्या ओटीत घातलं.

मनुबाई पुडीकडे बघत राहिली. मग तिने सुनेकडे बघितलं. लग्न झाल्यापासून ह्या सुनेने तिला स्वतःच्या हाताने कधी तंबाखू दिली नव्हती. सगळं समजायला तिला तेवढं पुरलं असावं.

“तुम्ही बसा,” सुगंधा म्हणाली. “मी नागूआक्काला घिऊन येतो.”

“व्हय.” म्हातारीने पुडी फोडली. तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला. अंगठ्याने मळायला लागली. हात थरथरत नव्हता. “जा तू. उशीर करू नको, दिवस बुडायच्या आत जेवाय लागतंय तुमास्नी.”

सुगंधा निघाली. चार पावलांवर हाक आली, “सुगंधे.”

ती थांबली, वळली नाही.

“पोरीला सांग, आजी लेकीकडं हाय.”

सुगंधाने मान हलवली. त्रिशला मॅडम हलवतात तशीच. मग ती स्टेशनाबाहेर आली. नणंदेच्या घराची वाट डावीकडे होती. उजवीकडून खानापूरची बस येत होती. तिने हात केला.

भरमाने विचारलं नाही. आई कुठंय, पोचली का, काही नाही. रात्री त्याने फक्त म्हातारीची वाकळ घडी करून कोपऱ्यात ठेवली. तेजस्वीने विचारलं तर सुगंधा म्हणाली, “आजी लेकीकडं हाय,” आणि कडी लावली. त्या रात्री ती आडवी पडून झोपली, गाढ, सकाळपर्यंत. तिला स्वतःचाच राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि हेच तिला पुढे जन्मभर टोचत राहणार होतं.

रविवारी मोठी खोली भरली होती. नवा तवा आला होता, त्याला कुंकवाची बोटं लावून पुढे ठेवला होता. मॅडम आल्या होत्या. अण्णांनी चार शब्द सांगितले आणि मग सुगंधाकडे बघितलं.

“बाई, त्या दिवशी अंगणात बोललो त्ये लक्षात असंल. म्हातारीच्या बाबतीत विचारतो. सोडली काय?”

सुगंधा उभी राहिली. सगळ्या माना तिच्याकडे. पुरुषांच्या बाजूला भरमाने डोकं वर केलं आणि आठवडाभरात पहिल्यांदा बायकोच्या तोंडाकडे बघितलं.

“सोडली,” सुगंधा म्हणाली.

“नक्की?”

“व्हय, अण्णा. मीच सोडली. माझ्या हातानं.”

तिला वाटलं आता कुणीतरी विचारेल. कुणीतरी म्हणेल, कुठं. पण अण्णांचे डोळे भरून आले, मॅडमनी समाधानाने मान हलवली, आणि सगळ्यांनी हात जोडले.

“अनुमोदना.”

तेजस्वीला आता तो शब्द चांगला यायला लागला होता. तिच्या कपाळावरची तांब्याची खोक अजून भरली नव्हती. बायकांच्या ओळीत मांडी घालून बसलेल्या पोरीने हात जोडले, डोळे मिटले, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात ती एकटीच परत म्हणाली, “अनुमोदना.”

राजश्रीवहिनींनी खिडकीतून सूर्य बघितला आणि ताटं मांडायला सांगितली.